‘इतर’ या सदरातला सामना

हैबतराव मोकलांनी आयुष्यात फुटबॉलला एकदाच हात लावला होता, आणि तोही जप्त करण्यासाठी. चेंडू त्यांच्याच मुलीचा होता. तिचं दहावीचं वर्ष होतं, म्हणून चेंडू माळ्यावर गेला. आपल्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू खाली येते ती घर विकतानाच, त्यामुळे तो तिथेच राहिला. अशा माणसाने दोन हजार बावीसच्या जानेवारीत मुलींच्या फुटबॉलसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, हे पाहून पेणमधल्या त्यांच्या आळीला आश्चर्य वाटलं नाही. रिटायर झाल्यावर माणूस काहीतरी धरतोच. कुणी गीता धरतं, कुणी गुडघे धरतं, यांनी फुटबॉल धरला, एवढंच लोक म्हणाले.

खरी गोष्ट फक्त हैबतरावांना ठाऊक होती. ते एका सरकारी खात्यात बत्तीस वर्षं कारकून होते आणि हेडक्लार्क होऊन सुटले. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी कुणालाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. नाही म्हणणं हे साहेबाचं काम. कारकुनाने म्हणायचं, ‘बघू’. बघू म्हटलं की कागद डाव्या हाताच्या ट्रेमध्ये जाई. त्या ट्रेमध्ये कागद पिवळे पडत, अर्जदार थकत आणि प्रश्न आपोआप सुटत. कुणाशी भांडण नाही, कुणाचा शाप नाही.

दोन हजार सहा साली त्याच ट्रेमध्ये एक कागद घरचा गेला होता. मुलगी निशिगंधा शाळेच्या संघात होती. पेणच्या मुलींचा पहिलाच संघ, आणि अंतिम सामना रोह्याच्या मुलींशी, रोह्याला. पालकाच्या सहीचं संमतीपत्र हवं होतं. पोरीचा पाय मोडला तर? रंग रापला तर? दहावीचे मार्क गेले तर? हैबतराव म्हणाले, ‘बघू.’ कागद ऑफिसात गेला, तो आलाच नाही. संघात बारा मुली होत्या. एकीला कांजिण्या आल्या, एकीची सही आली नाही. उरल्या दहा. स्पर्धेचा नियम अकराचा, तेवढ्या भरल्या नाहीत म्हणून रोह्याच्या मुली न खेळता जिंकल्या. त्यानंतर निशिगंधा वडिलांशी कामापुरतंच बोलू लागली.

आता ती एकतीस वर्षांची होती. लग्न करून रोह्यालाच होती, नवरा अक्षय आणि ती दोघंही धाटावच्या कंपनीत. ती लॅबमध्ये, शिफ्टमध्ये. दर रविवारी फोन येई. ‘जेवलात? गोळी घेतली? आईला द्या.’ पाच शब्द. हैबतरावांनी मोजले होते, कारण रिटायर माणसाला मोजायला दुसरं काय असतं?

तेव्हा डिसेंबरात पेपरात बातमी वाचून ते खुर्चीतून उठलेच. आशिया खंडाची महिला फुटबॉल स्पर्धा चक्क आपल्या नव्या मुंबईत! पेणहून नेरूळ किती लांब! त्यांनी फोन लावला. बातमी ऐकली आणि निशिगंधा बोलतच सुटली.

“बाबा, ही साधी स्पर्धा नाय हां. हा आशियाचा कप तर हायच, पण यातूनच वर्ल्ड कपला जायचं. वरचे पाच नंबर थेट जाणार. आपल्या पोरी कधीच गेल्या नाहीत वर्ल्ड कपला. घरच्या मैदानावर आहे, या खेपेला काहीही होऊ शकतं.”

बावीस मिनिटं बोलली. सोळा वर्षांत एवढी बोलली नव्हती. हैबतरावांना त्यातला ऑफसाइड कळला नाही, पण आवाज कळला. “मी नेतो तुला नेरूळला,” ते म्हणाले. मनात पक्कं केलं की शेजारी बसून नव्वद मिनिटं सामना बघायचा आणि त्या नव्वद मिनिटांत कधीतरी त्या कागदाचं सांगून टाकायचं. समोर मैदान असलं की माणसांना एकमेकांकडे बघावं लागत नाही. अशी कबुली सोपी जाते.

एवढ्यावर थांबले असते तर ते हैबतराव कसले! त्यांनी आळीभर सांगितलं. निळ्या टोप्या आणल्या, दोन. मग एका सकाळी समोरच्या साहिलने, हा साहिल म्हणजे आळीचा फुकट वार्ताहर, गॅलरीतून हाक मारली, “काका, टोप्या घालून कुठं बसणार? प्रेक्षकांना बंदी हाय. करोना वाढलाय. रिकाम्या स्टेडियममधी खेळणार पोरी.” हैबतराव म्हणाले, “मला ठाऊक होतं.” ठाऊक नव्हतं. टोप्या त्यांनी कपाटात ठेवल्या, आणि दोन दिवस दुधाची पिशवी आणायला मागच्या गल्लीतून गेले.

पहिला सामना गुरुवारी, वीस तारखेला, इराणशी. हैबतराव पेणला टीव्हीसमोर, निशिगंधा रोह्याला, मधे फोन. शून्य-शून्य झाला. नव्वद मिनिटं एकही गोल नाही, तरी माणसं ओरडतात कशी, हे हैबतरावांना कळेना. पण निशिगंधा ओरडत होती, मग तेही ओरडले. शेवटी ती म्हणाली, “रविवारी तैवानशी हाय, चायनीज तैपेई म्हणतात त्यांना. जिंकलो तर पुढे गेलोच. बाबा, हा एकत्र बघूया?”

आपण होऊन म्हणाली. हैबतरावांनी घाईघाईने फोन बायकोकडे दिला.

एकत्र, पण कुठे? पेणला तिला शिफ्टमुळे जमेना. रोह्याला जायचं तर जावयाच्या घरी ओरडता येत नाही. म्हणून ठरलं कासू. पेणहून निघा, रोह्याहून निघा, कासू वाटेत. कासूजवळच्या वाडीत हैबतरावांचे जुने स्नेही बाबाजी राहत. वालाची शेती, मोठं अंगण, आणि पोपटी लावण्यात पंचक्रोशीत हात धरणारं कुणी नाही असा त्यांचा स्वतःचा समज. जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचे दिवस. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. सामना आणि पोपटी. हैबतरावांना वाटलं, याहून सुंदर कबुलीची जागा नसेल.

“आशियाचा कप आन त्यातनंच वर्ल्ड कप?” बाबाजी फोनवर म्हणाले. “म्हंजी एका जाळावर दोन मडकी. लावू की!” आणि फोन ठेवल्यावर त्यांनी वाडीतल्या यच्चयावत माणसाला आमंत्रण दिलं. चार माणसांचे चाळीस झाले.

टीव्ही द्यायला तयार झाले रूबेन सर. रूबेन पेणकर म्हणजे निशिगंधाच्या शाळेतले खेळाचे शिक्षक. तो मुलींचा संघ त्यांनीच उभा केला होता. कोकणातल्या आपल्या ज्यू मंडळींपैकी बहुतेक इस्राएलला गेली. त्यांची मुलगी रेबेकाही तिकडेच, पण सर गेले नाहीत. का, असं विचारलं की म्हणत, “तिकडं पोपटी मिळत नाय.” रेबेकाने पाठवलेला भिंतीएवढा टीव्ही ते एकटेच बघत. संमतीपत्र कुठे गेलं हे सरांना कधीच कळलं नव्हतं. आयोजकांकडे जाताना पोस्टात गहाळ झालं असेल असं ते सोळा वर्षं मानत आले होते. आणि हैबतराव त्यांना रस्त्यात दिसले की सोळा वर्षं चपलेचा अंगठा नीट करत आले होते.

शुक्रवारी सकाळी अक्कल शिकवायला साहिल पुन्हा गॅलरीत आला. “काका, जमावबंदी हाय. चाळीस माणसं जमवाल आन पोलीस यायचे. पोरीच्या देखत गाडीत घालून नेलं तर?” हे हैबतरावांना एकदम पटलं. शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणजे जे काय ते आजच. ते कचेरीत गेले. कुठल्या, ते सांगत नाही. आम्हालाही अधूनमधून दाखले काढावे लागतात.

तिथे पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरं टेबल जेवायला गेलं होतं, सव्वाअकरा वाजता. हैबतराव बाकावर बसले. या बाकाच्या पलीकडच्या बाजूला त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती; या बाजूने तो इतका कडक लागतो याची त्यांना कल्पना नव्हती. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, “तुमचं किती दिवसांचं?” “आजच आलोय,” हैबतराव म्हणाले. म्हातारीने त्यांच्याकडे अशा मायेने पाहिलं की त्यांनी मान खाली घातली.

दीड वाजता संगणकाच्या टेबलावर मितेश नावाचा तरुण कारकून आला. “काय कार्यक्रम, काका?”

“फुटबॉलचा सामना.”

“खेळणार?” मितेशने त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं.

“बघणार. टीव्हीवर.”

मितेशने यंत्र फिरवून दाखवलं. “ह्या बघा. विवाह. अंत्यविधी. धार्मिक-सांस्कृतिक. आन इतर. यात सामना बघणं कुठंच नाय.”

“मग ‘इतर’ करा.”

“काका,” मितेश खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “‘इतर’मधी जाऊ नका. ‘इतर’ वर जातं. वर गेलेला अर्ज खाली आलेला मी तरी अजून बघितला नाय. लग्न दाखवा.”

“लग्न कुणाचं?”

“नायतर अंत्यविधी दाखवा. वीस माणसांना परवानगी लगेच.”

हैबतराव खवळले. बत्तीस वर्षं खोटी नोंद केली नाही, ट्रेमध्ये ठेवली ती खरीच कागदपत्रं ठेवली! शेवटी मार्ग मितेशनेच काढला. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. हळदीकुंकू म्हणजे धार्मिक-सांस्कृतिक, पन्नास माणसं, सही इथल्या इथे. अर्जदार सौ. अनिता हैबतराव मोकल. हैबतरावांचं मन खाऊ लागलं, म्हणून त्यांनी दुसरा, खरा अर्जही ‘इतर’मध्ये भरला. प्रयोजन, महिला फुटबॉल सामना सामूहिकरीत्या पाहणे. एक खोटा, एक खरा. खोटा तीन वाजता मंजूर झाला.

घरी येऊन त्यांनी कागद अनिताबाईंसमोर ठेवला. अनिताबाईंनी तो दोनदा वाचला. “माझं हळदीकुंकू हाय आन मला ठाऊक नाय?”

“नावापुरतं गं.”

“सरकारी शिक्क्यानिशी हाय, म्हणं नावापुरतं! बायका आल्या तर वाण काय देऊ? तुमची सही?”

“कोण येतंय!” हैबतराव म्हणाले.

पण मंजूर कागदाची प्रत वाडीतही जाते, हा नियम ते विसरले होते. शनिवारी ती समाजमंदिराच्या फळ्यावर लागली. दुपारी बाबाजींचा फोन. “हैबतराव, तुमची परवानगी फळ्यावर लागलीय. विमलबाईनं मोठ्यांदा वाचली.” विमलबाई म्हणजे बचत गटाच्या अध्यक्ष, वाडीचं आकाशवाणी केंद्र. “पन्नास बायका येतायत. बाप्यांना जागा नाय म्हणाली. पन्नास म्हंजी पन्नास.”

झालं! चाळीस पुरुष रद्द, पन्नास बायका मंजूर. आता वाण आलं. हैबतराव पेणच्या बाजारात गेले. डबे नकोत, वाट्या नकोत, विषयाला धरून काहीतरी हवं, या विचाराने त्यांनी पन्नास शिट्ट्या आणल्या. प्लास्टिकच्या, लाल दोरीच्या. अनिताबाई त्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग तिळगूळ करायला घेतला. नवऱ्याच्या डोक्याचं काय करायचं हे ठरवायला बाईला एखादा पाक लागतोच.

रविवारी दुपारी टेंपो निघाला. एसटीचा संप चालू होता, नाहीतर हैबतरावांनी टीव्ही एसटीतून नेला असता. मागे गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, त्याला मिठी मारून रूबेन सर, समोर हैबतराव, मांडीवर डिश अँटेना. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला सर ओरडत, “हळू! रेबेकाचा आहे!” गडबला चहाला थांबले, तर टपरीवाल्याने डिश बघून विचारलं, “मासळी सुकवायला का?” खिशातल्या एका लिफाफ्यावर हैबतराव पुन्हा पुन्हा हात ठेवत होते. त्यात ते संमतीपत्र होतं. रिटायर होताना ट्रे रिकामा केला तेव्हा तेवढा एकच कागद त्यांनी घरी आणला होता.

पाच वाजता अंगण सजलं होतं. बाबाजींनी चार मडकी भरली होती. त्यातलं एक वेगळं ठेवलेलं, खडूने खूण केलेलं, फक्त शेंगा, बटाटे आणि रताळी. “सरांचं,” बाबाजी म्हणाले. सरांच्या घरात कोंबडी त्यांच्या रीतीने कापलेलीच चाले, आणि बाबाजींच्या वडिलांपासून सरांच्या वडिलांसाठी मडकं वेगळं लागत आलं होतं. त्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

डिश लावायला छपरावर चढलेल्या बाबाजींना पन्नास बायकांनी खालून दिशा सांगितल्या. पन्नासही वेगळ्या. चित्र आलं तेव्हा कळलं की त्या चॅनेलचा पॅक चालू नाही. पॅक चालू करायचा तर ज्याच्या नावावर डिश त्याच्या मोबाइलवर आकडा येणार, आणि डिश रेबेकाच्या जुन्या नंबरावर. मग थेट इस्राएलला फोन. तिकडून रेबेकाने आकडा कळवला आणि विचारलं, “पप्पा, मागे शिट्ट्या कसल्या वाजतायत?”

कारण वाण वाटून झालं होतं. हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन अनिताबाईंनी प्रत्येकीच्या हातात शिट्टी ठेवली. बायका आधी बघतच राहिल्या. मग विमलबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि एक अशी शिट्टी मारली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. “आयुष्यात पयल्यांदा वाजवली गो,” त्या म्हणाल्या, “घरात बाप्येच वाजवतात.” त्यानंतर वाडीत जे झालं ते ऐकून धरमतरच्या खाडीवरची मंडळी गाडी आली म्हणून उठली असतील तर नवल नाही.

साडेसहाला निशिगंधा आली. शिफ्ट बदलून, अक्षयला पोचवायला सांगून, निळा टीशर्ट घालून. ती रूबेन सरांच्या पाया पडली. सरांनी विचारलं, “डावा पाय अजून चालतो का?” “जिना चढताना दुखतो, सर,” ती हसली. हैबतरावांनी पिशवीतून दोन टोप्या काढल्या. तिने एक त्यांच्या डोक्यावर ठेवली, एक आपल्या. तेवढ्या दोन मिनिटांसाठी हैबतरावांना सगळी यातायात वसूल झाल्यासारखी वाटली. आम्ही तर म्हणतो, माणसाने तिथेच टीव्ही बंद करून घरी जावं. पण हे आधी कळत नाही ना!

बाबाजींनी मडकी उपडी केली, गवत-काटक्या रचल्या, जाळ केला. सामना साडेसातचा; हिशेब असा की जाळ सातला, पोपटी पावणेआठला, म्हणजे खेळ रंगात येताना शेंगा हातात. बायका सतरंजीवर बसल्या. विमलबाई निशिगंधाला एकेक विचारत होत्या. “ती हातमोजेवाली कोण गो? आन ह्या सगळ्या कुठल्या? आपल्यासारख्याच घरातल्या?”

“व्हय काकी. कुणाचा बाप शेतकरी, कुणाची आई धुणीभांडी करते.”

“आन घरच्यांनी सोडलं?”

“सोडलं म्हणून तर इथवर आल्या,” निशिगंधा म्हणाली.

हैबतराव जाळाकडे बघू लागले.

मग तिचा फोन वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. टीव्हीवर कसलीतरी जुनीच चित्रं चालली होती. हैबतरावांनी विचारलं, “काय गं?”

“मॅच नाय.”

“लांबली?”

“नाय होणार. कॅम्पमध्ये करोना. बारा-एक पोरी पॉझिटिव्ह निघाल्या, दोघी आधीच जखमी. तेरा खेळाडू लागतात, तेवढे उभे राहत नाहीत.” ती फोनकडेच बघत होती. “संघ भरला नाही म्हणजे माघार. पुरत्या स्पर्धेतून. वर्ल्ड कपही गेला.”

कुणीतरी मागे, माहीत नसल्यामुळे, एक शिट्टी फुंकली आणि अर्धवट सोडली. विमलबाई म्हणाल्या, “न खेळताच?”

“न खेळताच,” निशिगंधा म्हणाली.

“पोरींची काय चूक गो त्यात!” विमलबाईंना खरोखर वाईट वाटलं होतं. दोन तासांपूर्वी त्यांना फुटबॉलला किती माणसं लागतात तेही ठाऊक नव्हतं.

रूबेन सर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तेव्हाही असंच,” ते म्हणाले, “दहाच भरल्या. रोह्याच्या मैदानावर मी पंचाला म्हणालो, दहांवर खेळू दे. नाही म्हणाला. पोरी कडेला बसून रडत होत्या.”

आता बोललो नाही तर कधीच नाही, हे हैबतरावांना कळलं. समोर मैदान नव्हतं, नव्वद मिनिटं नव्हती. फक्त जाळ होता. त्यांनी लिफाफा काढला. “सर, ते पोस्टात गहाळ झालं नव्हतं. माझ्याकडे होतं. ट्रेमध्ये. मी सही केली नाही. निशी, मी केली नाही.”

कागद पिवळा पडला होता. सरांनी तो जाळाच्या उजेडात धरला, मग मुलीकडे दिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सर फक्त खूप थकलेले दिसले.

“मला माहीत होतं, बाबा,” निशिगंधा म्हणाली.

“कधीपासून?”

“तेव्हापासून. सामन्यानंतर दोन दिवसांनी तुमचा डबा द्यायला आले होते ऑफिसात. तुम्ही साहेबांकडे गेला होतात. ट्रेमध्ये वरतीच होता. सहीची जागा कोरी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही नाय कुठं म्हणालात?” तिचा आवाज चढला नव्हता. “नाय म्हणाला असतात तर मी भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. आईला मधे घातलं असतं. हरले असते, पण भांडून हरले असते. तुम्ही म्हणालात, बघू. आन मला वाटलं, बाबा बघतायत. सामन्याच्या दिवशी, मंगळवारी सकाळी मी बूट घालून पायरीवर बसले होते. गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती. मी तुमची वाट बघत होते, बाबा.”

हैबतरावांच्या डोक्यावर अजून ती निळी टोपी होती. त्यांनी ती काढली. आपण माणसांना त्रास न देता जगलो, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत त्या अंगणात संपली, आणि तिच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ते रडले. पन्नास बायकांसमोर, मास्क लावून. विमलबाईंनी सगळ्यांना ताबडतोब टीव्हीकडे तोंड करून बसवलं, जिथे काहीच चाललं नव्हतं.

तेवढ्यात वास आला. बाबाजी इतका वेळ बातमी ऐकत उभे होते. पंचक्रोशीत ज्याचा हात कुणी धरत नाही त्या माणसाची पोपटी करपली होती. तीन मडक्यांत कोळसा निघाला. जाळाच्या कडेला होतं म्हणून खडूच्या खुणेचं मडकं तेवढं वाचलं. रूबेन सरांनी ते मधे ओढलं, शेंगा पाल्यावर ओतल्या आणि म्हणाले, “बसा. एवढ्यात सगळ्यांचं होईल.” झालं नाही. प्रत्येकीला चार-चार शेंगा आल्या. हैबतरावांच्या हातात मात्र सरांनी स्वतः सोलून एक बटाटा ठेवला.

निघताना त्यांनी निशिगंधाला विचारलं, “अजून खेळशील का कुठे? मी सही...” वाक्य संपायच्या आत त्यांनाच ते कसं वाटतंय ते कळलं.

“बाबा, मी एकतीस वर्षांची आहे.” तिने संमतीपत्राची घडी घातली. वरच्या ओळीवर नजर गेली तेव्हा थोडं हसली. “वजन बेचाळीस किलो. हे मी ठेवते.” मग अक्षयच्या गाडीवर बसली. “गोळी घ्या,” म्हणाली. टोपी तिने परत दिली नाही, हे हैबतरावांच्या घरी पोचल्यावर लक्षात आलं. त्याचा अर्थ लावायचा त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. त्यांना वाटलं, तिचा. मितेशचा होता, आणि तो आनंदाने ओरडत होता. “काका, तुमचं ‘इतर’ खाली आलं! मंजूर! माझ्या नोकरीतलं पयलं! महिला फुटबॉल सामना सामूहिकरीत्या पाहणे, पन्नास माणसं! न्यायला येताय, का राहू दे आता?”

“बघू,” हैबतराव म्हणणार होते. शब्द अगदी दाताशी आला होता. “नको, थांब,” ते म्हणाले, “आत्ता येतो.” आणि चहा तसाच टाकून निघाले.

कचेरीत ती म्हातारी बाकावर अजून होती. हैबतराव तिच्याकडे न बघता पुढे जाऊ शकले नाहीत. त्यांनी तिचा कागद वाचला, कुठल्या टेबलावर अडलाय ते सांगितलं, आणि टेबलापर्यंत तिच्यासोबत गेले. मग मितेशकडे आले. मितेशने वही पुढे केली. “पोच म्हणून सही करा.”

त्यांनी एका दमात सही केली. पेन मात्र तारखेच्या रकान्यापाशी थांबलं.

“आजचीच टाका, काका,” मितेश म्हणाला.

हैबतरावांनी आजचीच टाकली. दुसरी कुठली टाकता येत नव्हती.